नकाशात नसलेला कोपरा

धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत. एक, दोन, तीन, चार. वहीत रेघा मारून काढाव्यात तशा सरळ. बाहेरगावचा शिकलेला माणूस म्हणतो, अशा शहरात चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही. त्या माणसाने एकदा लग्नसराईत इथे येऊन बघावं. शिरपूर, साक्री, अमळनेरकडून बस्ता बांधायला आलेली मंडळी गल्लीचा नंबर वाचत नाहीत. नंबर भिंतीवर असतो, आणि भिंतीला पुढचं काही विचारता येत नाही. मंडळी माणसाला विचारतात.

आमच्या दुकानाचा पत्ता मंडळी झुलाल आबांना विचारत, आणि हीच आमची साडेसाती होती.

मी पंडित. केवलचंद शेठच्या कापड दुकानात सव्वीस वर्षं गादीवर बसून लुगडी, शालू, धोतरजोड्या उलगडतोय. नवरीच्या शालूपासून नवऱ्याच्या आत्याच्या नणंदेच्या खणापर्यंत सगळं एकाच दुकानात, एकाच बैठकीत, वीस माणसांच्या वीस मतांसकट कसं विकायचं हे धुळ्यात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. म्हणजे म्हणायचे.

दुकान चार नंबरच्या गल्लीतून आत जाणाऱ्या एका बोळात. बोळ असा चिंचोळा की समोरून म्हैस आली तर आपणच मागे सरकायचं. रस्त्यावरून दुकान दिसत नाही, पाटी तर नाहीच नाही. बोळाच्या तोंडाशी झुलाल आबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, एक ओटा, एक पत्र्याचं छप्पर, पाण्याचं घमेलं आणि आबा. वय सत्तरच्या पुढे. चाळीस वर्षं त्या ओट्यावरून त्यांनी अर्ध्या जिल्ह्याला वाट दाखवली. पूर्वी ते नुसता हात करायचे, "हाई काय, बोळमा जा," आणि मंडळी सरळ आमच्या गादीवर येऊन टेकायची.

गेली दोन वर्षं तसं होत नव्हतं. "केवलचंदनं दुकान?" आबा म्हणायचे, "शे ना. सरळ जा, पाचकंदीलवरथीन वळा, सहा नंबरनी गल्ली धरा, मंग मांगला आंगले या." यातला शब्दन् शब्द खरा. त्या वाटेने माणूस पाचकंदील चौकावरून, मागच्या अंगाने आमच्या दुकानी पोहोचतोच. फक्त वाटेत कापडाची तीन मोठी दुकानं लागतात, आणि तिथे दारातच सरबत घेऊन माणसं उभी असतात.

आबा असं का वागायचे, ते फक्त मला ठाऊक होतं. कारण ते कारण म्हणजे मीच होतो.

झालं असं. दोन वर्षांपूर्वी शेठच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका वाटायला मी. आमच्याकडे आवतनात दोन प्रकार. एक, घरातून एकाने यावं. दुसरं, चूलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळे आमच्याकडे जेवायला. शेठनी यादीवर बोट ठेवून मला बजावलं होतं, "झुलालभाऊंकडे चूलबंद. अकरा माणसं आहेत, अकराही आली पाहिजेत."

त्याच दिवशी सकाळी माझी सायकल पंक्चर झाली होती. आबांनी मला तासभर ताटकळत ठेवलं. मी चार शब्द बोललो. आबांनी ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता चारचौघांत सांगितलं, "पंडित, तुन्ही ट्यूबपेक्षा तुन्ही जीभ जास्ती फाटेल शे." चौघेही हसले. त्यातला एक तर शेजारच्या दुकानातला सेल्समन होता.

संध्याकाळी पत्रिका घेऊन मी आबांच्या दारात उभा राहिलो. हळदकुंकू लावलं, अक्षता दिल्या, आणि तोंडातून निघालं, "आबा, घरातून एकानं यावं."

बस. एवढंच. निघताना मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

लग्नाच्या दिवशी अख्ख्या बोळातल्या चुली थंड होत्या. आबांच्या घराच्या छपरातून तेवढा धूर निघत होता. जेवायला जाणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिला. आबांच्या घरचं कुणीच आलं नाही, एकसुद्धा नाही. शेठना वाटलं, झुलालने आपल्या लेकीच्या लग्नाकडे पाठ फिरवली. तेव्हापासून शेठ त्यांच्या ओट्यावरून मान वळवून जाऊ लागले आणि आबा सहा नंबरची गल्ली सांगू लागले. शेठनी मला एकदा विचारलं, "झुलालला झालं तरी काय?" मी म्हणालो, "वय झालं, शेठ."

आता नव्याण्णवचं साल उजाडलं. शेठचा मुलगा महावीर सुरतेला कापडाचा व्यापार बघत होता. त्याने कळवून टाकलं, की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बस्त्यांची गिऱ्हाइकी परत आली नाही तर धुळ्याचं दुकान बंद, सगळा माल सुरतेला. शेठ पंख्याकडे बघत बसले. त्रेपन्नाव्या वर्षी मला कोण गादीवर बसवणार? सुरतेत लुगडी नेसणारं आहे तरी कोण?

तेव्हा सूनबाई पुढे झाल्या. मंजूवहिनी, महावीरची बायको, इंदूरच्या, कॉम्प्युटर शिकलेल्या. म्हणाल्या, "आपण दुकानाचा नकाशा इंटरनेटवर टाकू. कुणाला विचारायलाच नको. कागद काढायचा, बघत बघत यायचं."

शेठनी विचारलं, "इंटरनेट म्हणजे कुठे?"

"सगळीकडे, बाबूजी."

"सगळीकडे म्हणजे धुळ्यात कुठे?"

आग्रा रोडवर नुकताच एक सायबर कॅफे निघाला होता. तीन कॉम्प्युटर, एक कूलर, आणि चपला बाहेर काढायच्या. वहिनी मला सोबत घेऊन गेल्या, कारण गल्ल्या त्यांना माहीत नव्हत्या आणि मला कॉम्प्युटर. मी स्टँडपासून दुकानापर्यंत पावलं मोजत चाललो. दोनदा मध्येच कुणीतरी नमस्कार केला आणि मोजणी विसरलो. तिसऱ्यांदा मी कुणाकडे बघितलंच नाही, तर लोकांत बातमी पसरली की दुकान बंद होणार म्हणून पंडितच्या डोक्यावर परिणाम झाला.

नकाशा काढायचा म्हणजे साधं काम नाही हे तेव्हा कळलं. वहिनी माउस धरून रेघ ओढायच्या, ती आग्रा रोडऐवजी थेट पांझरा नदीत जायची. शेठनी निरोप पाठवला, आपलं दुकान दक्षिणमुखी आहे, नकाशात तरी ते पूर्वेला करा. वहिनी म्हणाल्या, "तसं केलं तर गिऱ्हाईक भिंतीवर आपटेल." समोरच्या भांडीवाल्याला पत्ता लागला. तो येऊन म्हणाला, माझंही दुकान दाखवा, पण तुमच्यापेक्षा लहान दाखवू नका. मग दोघांचीही सारख्या मापाची चौकट काढली. भांडीवाल्याने पट्टी आणून ती पडद्यावर मोजली.

आणि मग बोळाचं तोंड आलं. वहिनींनी विचारलं, "पंडितभाऊ, इथे वळायची खूण काय?"

खूण एकच. ती ओट्यावर बसून पंक्चर काढत होती. लहान पोरगंही म्हणालं असतं, झुलाल आबा.

"खूण काही नाही," मी म्हणालो. "नुसता बाण काढा."

बाण काढला. आमच्या दुकानावर लाल ठिपका लावला, तो उघडझाप करायचा. कुठल्याशा फुकटच्या जागेवर ते पान टाकलं. फोन लावला की यंत्र आधी किंचाळायचं, मग खाकरायचं, आणि मग पान वरून खाली हळूहळू उतरायचं. गावाचं नाव, आग्रा रोड, पाचकंदील. ठिपका यायच्या बेताला नेमकी लाइन तुटायची. पानाखाली किती जणांनी भेट दिली त्याचा आकडा होता. पंधरा दिवसांनी आकडा एकोणीसवर गेला. त्यात सोळा वेळा आम्हीच होतो. शेठना तेही कौतुक. ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "तीन माणसं जगातून आली."

त्या तिघांतलं एक माणूस मात्र खरंच कामाचं निघालं. जळगावला मेहरूणमध्ये मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स करणारी प्रमिला नावाची मुलगी. अमळनेरजवळच्या भाईदास पाटलांची लेक. तिचंच लग्न ठरलं होतं, आणि एकाच मांडवात चुलतभावाचंही. तिने वहिनींना ईमेल केला: नकाशा सापडला, छापून घेतला, शुक्रवारी सकाळी दहाला सगळे येतो, एकवीस माणसं.

दोन लग्नांचा बस्ता! आखाजीला तीन आठवडे उरले होते. असा एक बस्ता झाला की पंचक्रोशीतले दहा मागून येतात, हे आमच्या धंद्याचं गणित आहे. शेठनी गादीवर नव्या पांढऱ्या खोळी चढवल्या. लस्सी सांगून ठेवली. शुक्रवारी पावणेदहाला मी बोळाच्या आतल्या वळणावर उभा राहिलो. पुढे जायचं नाही असं वहिनींनी बजावलं होतं. "नकाशा बघून येऊ द्या त्यांना. आपल्याला बघायचंय, जमतं का."

जमलं. एक जीप आणि एक टेम्पो बरोबर चार नंबरच्या तोंडाशी थांबले. प्रमिला पुढे, हातात कागद, मागे बाकीची वीस माणसं. ती पावलं मोजत आली आणि बोळापासून दहा हातांवर उभी राहून म्हणाली, "बापू, इथेच कुठेतरी डावीकडे."

भाईदास पाटलांनी तिच्या हातातून कागद घेतला, घडी उलगडली, आणि सरळ आबांच्या ओट्याकडे गेले.

"बापू, नकाशा आहे ना!"

"शे ना. पण इचारेल बरं," पाटील म्हणाले, आणि कागद आबांसमोर धरला. "आबा, केवलचंदनं दुकान कोठे शे? हाई देखा, बठ्ठं लिखेल शे."

आबांनी हात पुसले. चष्मा लावला. कागद आधी उलटा धरला, मग सुलटा. त्यांचं बोट आग्रा रोडवरून निघालं, हळूहळू गल्ली चारमध्ये आलं, भांडीवाल्याच्या चौकटीवर थांबलं, लाल ठिपक्यावर थांबलं. मग मागे येऊन बोळाच्या तोंडाशी थांबलं. तिथे बाण होता. बाकी काही नव्हतं. आबा त्या रिकाम्या जागेकडे किती वेळ बघत राहिले. चाळीस वर्षं ज्या जागी माणूस बसला, तिथे कागद कोरा. मला तिथूनच दिसत होतं त्यांचं तोंड, आणि मला माझी लाज वाटली. दोन वर्षांत पहिल्यांदा खरोखरची लाज वाटली.

"ह्या नकाशामा हाऊ कोपराच नही शे," आबा म्हणाले. "मंग वळशात कोठे? सरळ जा. पाचकंदीलवरथीन वळा. सहा नंबरनी गल्ली."

प्रमिला काहीतरी म्हणत होती, पण वीस माणसांपुढे नवरीचं कोण ऐकतं? आबांनी सांगितलं म्हटल्यावर वऱ्हाड निघालंसुद्धा.

मी धावलो. ओट्यापाशी पोहोचलो तेव्हा शेवटच्या बाईचं पातळ गल्लीच्या टोकाला वळत होतं. त्यांच्या मागे पळावं असं क्षणभर वाटलं. पण काय सांगणार होतो? आबा खोटं बोलले? ते खोटं बोललेच नव्हते. खोटं मी बोललो होतो.

"आबा," मी म्हणालो, आणि पुढचं एका दमात ओकून टाकलं. "शेठनी चूलबंदच सांगितलं होतं. अकराही जणांना. मी एक म्हणालो. त्या पंक्चरच्या रागापायी म्हणालो. शेठना अजून माहीत नाही."

आबांच्या हातातला पान्हा तसाच राहिला. "केवलचंदनी चूलबंद सांगेल व्हतं?"

"हो."

"दोन वरीस मी त्याले शिव्या देस," आबा स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "त्याले सांगशी?"

"सांगेन. आधी त्या लोकांना हाक मारा, आबा. हात जोडतो. माझी नोकरी जाईल."

"आधी तू सांग. मंग मी हाक मारसू."

तिकडे सहा नंबरच्या गल्लीत सरबताचे पेले भरले जात असणार. मी आयुष्यात एवढ्या जोरात पळालो नव्हतो. दुकानात शिरलो, शेठसमोर उभा राहिलो, वहिनी तिथेच, लस्सीवालाही तिथेच, आणि सगळ्यांदेखत सांगितलं. चूलबंद, पंक्चर, एक माणूस, आणि नकाशातला बाणसुद्धा.

शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "दोन वर्षं मी त्या माणसाच्या समोरून मान वळवून गेलो, पंडित." मग उठले. दुपारच्या आत गादीवरून न उठणारा माणूस, तसाच अनवाणी निघाला. वहिनींनी देव्हाऱ्यातली कुंकवाची वाटी आणि मूठभर तांदूळ घेतले आणि त्यांच्या मागे पळाल्या.

ओट्यासमोर शेठनी हात जोडले. "झुलालभाऊ, माणूस माझा, तेव्हा जीभही माझी. चूक माझ्या घरची. आखाजीला घरात वर्षभराच्या उपवासाचं, वर्षीतपाचं पारणं आहे. चूलबंद. एकही माणूस घरी राहिला तर मी जेवणार नाही."

आबांनी अक्षता घेतल्या. डोळे पुसायला ऑइलचं फडकं वापरलं, त्यामुळे दोन्ही गालांवर काळे पट्टे उठले. कुणी हसलं नाही. मग समोर दुरुस्तीला आलेली एक सायकल त्यांनी उचलली. तिला ब्रेक नव्हते, घंटी नव्हती, मडगार्ड जमिनीवर पडलेलं होतं. सत्तरी उलटलेला माणूस तिच्यावर टांग टाकून "सरका, सरका" करत सहा नंबरकडे सुटला.

पुढचं आम्हाला प्रमिलाने सांगितलं. दुसऱ्या दुकानात मंडळी टेकली होती, सरबत पिऊन झालं होतं, शालू उलगडायला घेतला होता. दारातून आबांचा आवाज आला, "उठा रे भो, हाई दुकान ते नही." मालकाने विचारलं, तुम्ही कोण? पण तोवर एकवीसच्या एकवीस उठली होती. ब्रेक नसल्याने आबा तसेच पुढे गेले आणि चौकाला वळसा घालून परत आले.

बस्ता संध्याकाळी सहाला संपला. भाईदास पाटलांच्या धाकट्या वहिनीला कुठलाच हिरवा पसंत पडेना. मी चौतीस हिरवे दाखवले आणि एकदाही कपाळाला आठी घातली नाही. मंडळी गेल्यावर मंजूवहिनी म्हणाल्या, "नकाशानेच आणलं शेवटी." शेठ म्हणाले, "झुलालने आणलं." मी चौतीस हिरव्यांच्या घड्या घालत राहिलो.

शेठनी सुरतेला फोन लावला, दुकान इथेच राहील म्हणून सांगितलं आणि ठेवला. मग माझ्याकडे वळले.

"आता तुझं. उद्यापासून गादीवर बसायचं नाहीस. झुलालभाऊंच्या ओट्यावर बस आणि येणाऱ्याला वाट दाखव. परत कधी यायचं ते मी नाही सांगणार. झुलालभाऊ सांगतील."

सव्वीस वर्षं गादीवर बसलेला मी दुसऱ्या दिवशी पाण्याच्या घमेल्याशेजारी बसलो. शेजारच्या दुकानातला सेल्समन मुद्दाम दोनदा समोरून गेला. आबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आणि खरं दुःख पुढेच होतं. मला कुणी पत्ताच विचारेना. चांगला इस्त्रीचा सदरा घालून मी समोर बसलेला, तोंडात पत्ता तयार, आणि लोक माझ्या डोक्यावरून आबांना विचारणार. पहिला दिवस गेला, आठवडा गेला. आखाजीला आबांच्या घरची अकरा माणसं शेठकडे जेवली. मी वाढत होतो. आबांनी माझ्या हातून सगळं वाढून घेतलं, पण बोलले नाहीत.

आखाजी उलटून चौथ्या दिवशी साक्रीकडचं एक कुटुंब आलं. पुढे एक म्हातारी, बेबाबाई म्हणून हाक मारत होते तिला सगळे. आबा वाकून चाक बसवत होते, म्हणून तिने नाइलाजाने मला विचारलं, "भाऊ, केवलचंदनं दुकान कोठे शे?"

मी उठून उभा राहिलो. सांगितलं. हा बोळ, आत बावीस पावलं, उजव्या हाताला, दक्षिणमुखी. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि माझ्या पलीकडे वळली.

"आबा, हाऊ म्हणस ते खरं शे का?"

आबांनी चाक खाली ठेवलं. सावकाश मान वर करून माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे मी इतक्या आशेने बघितलं नव्हतं.

"खरं शे," आबा म्हणाले. "आते हाऊ खरं बोलस." आणि मग मला, "जाय. आते गादीवर बस, त्यासले लुगडा दखाड."